मुलगी ३ वर्षांची, पलंग १८ वर्षांचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ठाण्याच्या एका वाचक भगिनींनी कळव्यातलं वन बीएचके विकून घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ टू बीएचके घेतलं आहे. एप्रिलमध्ये ताबा मिळेल, जूनमध्ये मुलगी नर्सरीत जाईल. मुलीला नुकतीच ३ वर्षं पूर्ण झाली. ९ बाय १० फुटांची छोटी बेडरूम तिला द्यायची ठरली आहे. इंटिरियरवाल्याने त्या खोलीसाठी एकसलग डिझाइन दिलं आहे: वर भिंतीत बसवलेला पलंग, त्याखाली खेळायची जागा, पायऱ्यांमध्ये ड्रॉवर, शेजारी अभ्यासाचं टेबल आणि कपाट. कोटेशन पावणेदोन लाखांचं. नवऱ्याचं म्हणणं, "एकदाच काय तो खर्च होऊ दे, मग कॉलेजपर्यंत बघायला नको." सासूबाई वर्षातले सहा-आठ महिने यांच्याकडे असतात, बाकीचे साताऱ्याला मोठ्या दिरांकडे. त्या म्हणतात, "एवढ्याशा पोरीला पलंग कशाला? माझ्याजवळ गादीवर झोपेल." दुसऱ्या मुलाचा विचार आहे, पण अजून नक्की नाही. मैत्रिणींनी बजावलंय की ३ वर्षांनंतर मुलांना वेगळं झोपवलंच पाहिजे, नाहीतर सवय सुटत नाही. नवरा ५ फूट ११ इंच आणि त्या स्वतः ५ फूट ३ इंच, त्यामुळे मुलगी उंच होईल असा अंदाज आहे. त्या विचारतात, "आत्तापासून बारावीपर्यंत पुरेल असा एकच पलंग कोणता? आणि तो घेतला की ती एकटी झोपायला शिकेल ना?"

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं आणि कागदावर ९ बाय १० चा चौकोन काढून बसले. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा हे बघायच्या आधीच एक प्रश्न पडला, तो पहिल्यांदा विचारते. नव्या घरात सासूबाई कुठे झोपणार आहेत?

पत्रात त्या सल्ला देणाऱ्या म्हणून आल्या आहेत, झोपणाऱ्या म्हणून नाहीत. इंटिरियरवाल्याच्या डिझाइनमध्येही त्यांना जागा दिसत नाही. नकाशावर त्या खोलीला 'मुलांची खोली' असं नाव असेल, पण वर्षातले सहा-आठ महिने ती आजी आणि नातीची खोली असणार आहे. दिवाळीत दिरांचं कुटुंब आलं की तिथेच चार जणांच्या गाद्या पडतील. आपल्या घरांमध्ये छोटी बेडरूम कधीच एकाची नसते, आणि त्यात काही वाईटही नाही. फक्त फर्निचर करताना ते आठवायला हवं. "माझ्याजवळ गादीवर झोपेल," असं म्हणताना सासूबाई कदाचित स्वतःची जागाही सुचवत असतील. त्यांना एकदा मोकळेपणाने विचारा: जमिनीवरून उठताना गुडघे कुरकुरतात का, रात्री किती वेळा उठावं लागतं, किती उंचीवर बसलं की उठायला सोपं जातं. साधारण १७-१८ इंच उंचीवरून बहुतेक वयस्कर माणसांना आधाराशिवाय उठता येतं. तीन वर्षांच्या मुलीला मात्र तेवढ्याच उंचीवरून झोपेत खाली पडायची भीती असते. तुमच्या खोलीचा खरा पेच हा आहे.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं घेऊ. ते मला अजिबात चुकीचं वाटत नाही. राहायला गेल्यावर पुन्हा मिस्त्री बोलवायचा, घरभर भुसा, सोसायटीच्या कामाच्या वेळा, शेजाऱ्यांच्या तक्रारी, हे सगळं टाळावंसं वाटणं साहजिक आहे. आणि पुढचा विचार करून वस्तू घेणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. शाळेचा गणवेशसुद्धा आपण खाली दुमड ठेवूनच शिवून घेतो. पण दुमड ठेवतो ती फक्त लांबीला. पलंगाचंही मला तेवढंच पटतं. लांबी आजच पूर्ण घ्या. उंची, कठडा, पायऱ्या, रंग, कप्पे या गोष्टी मात्र बदलता येतील अशाच ठेवा, कारण त्या दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. तुमच्या डिझाइनमध्ये नेमकं उलटं झालंय. ज्या गोष्टी बदलायला हव्यात त्या भिंतीला ठोकल्या आहेत.

आणि एक गोष्ट कदाचित नजरेतून सुटली असेल. त्या डिझाइनमध्ये पलंग वर आहे आणि खाली खेळायची जागा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना वरच्या मजल्यावर झोपवू नये, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आणि तिथला ग्राहक सुरक्षा आयोग दोघेही स्पष्ट सांगतात. तुमची मुलगी ३ वर्षांची आहे. म्हणजे पावणेदोन लाख खर्चून तिला झोपता येईल असा पलंग पुढची ३ वर्षं त्या खोलीत नाहीच. या काळात ती तुमच्यापाशी किंवा आजीपाशी गादीवरच झोपणार.

दुमजली पलंगाबद्दल मला बरीच पत्रं येतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. छोट्या खोलीत तो जागा वाचवतो, हे खरं. दोन मुलं असतील, धाकटं चार-पाच वर्षांचं आणि थोरलं आठ-नऊ वर्षांचं, तर तो काही वर्षं फार कामाला येतो. पण आपल्या फ्लॅटमध्ये छताचा पंखा असतो, आणि पलंगाची चित्रं ज्या देशांतून येतात तिथे बहुधा तो नसतो. हिशोब करून बघा. छत साडेनऊ फुटांवर, फॉल्स सीलिंग केलं तर नऊ. पंख्याची पाती आठ फुटांच्या आसपास फिरतात. खाली टेबल किंवा खेळायची जागा हवी म्हणून वरची गादी साडेपाच फुटांवर गेली, तर दहा वर्षांचं मूल त्यावर नुसतं ताठ बसलं तरी डोकं पावणेआठ-आठ फुटांपर्यंत जातं. फ्रॉक काढायला हात वर केले की बोटं पात्यांच्या उंचीवर. पलंग कोपऱ्यात आहे आणि पंखा मध्यभागी, असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण ९ फूट रुंदीच्या खोलीत मध्य आणि कोपरा यांत फारसं अंतर उरत नाही. दुमजली पलंग करायचाच झाला तर भिंतीवरचा पंखा लावा आणि छताचा काढून टाका. शिवाय गरम हवा वर जाते, त्यामुळे मे आणि ऑक्टोबरमध्ये ठाण्यात वरचा मजला सहन होत नाही.

कठड्याचंही तसंच आहे. तो गादीच्या वर किमान ५ इंच यायला हवा आणि दोन पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी हवी. पुष्कळ घरांत कठडा बरोबर मापाचा असतो, पण नंतर हौसेने ८ इंची गादी आणली जाते आणि कठडा गादीच्या बरोबरीला येतो. भिंतीकडच्या बाजूलाही कठडा लागतो, कारण गादी आणि भिंतीच्या फटीत मूल अडकू शकतं.

मग रोजचा त्रास. वरची चादर बदलणं म्हणजे कसरत. रात्री ताप आला की थर्मामीटर घेऊन पायऱ्यांवर उभं राहायचं. आजी खालच्या मजल्यावर झोपली तर तिला ताठ बसता येईलच असं नाही, डोकं लागू शकतं. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला पाळीत पोट दुखत असताना रात्री दोनदा पायऱ्या उतराव्या लागल्या, तर बारावीपर्यंत पुरेल म्हणून केलेला पलंग ती दहावीतच नको म्हणेल.

दुसऱ्या मुलासाठी आत्ताच तरतूद करून ठेवू, असाही विचार यामागे असेल. ते मूल आलं तरी पहिली दोन-अडीच वर्षं तुमच्याच खोलीत असणार. तेव्हा थोरली सहाच्या पुढे गेलेली असेल, आणि कुणाला काय हवं हे तुम्हाला तेव्हा नीट कळलेलं असेल. त्या वेळी दुमजली पलंग तयार मिळतो, दोन तासांत जोडून होतो. त्यासाठी आज भिंत अडवायची गरज नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण मला तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. पलंग घेतला की मुलगी एकटी झोपायला शिकेल का? पलंगामुळे नाही शिकणार. आणि ३ वर्षं झाली म्हणून शिकलंच पाहिजे असा कुठला नियमही नाही. मुलांना जवळ घेऊन झोपणं ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि तशी वाढलेली मुलं पुढे हॉस्टेलवर, परगावी व्यवस्थित राहतात. तुमच्या मुलीच्या वयात बघायचं ते एवढंच की सगळ्यांची झोप पुरी होते का. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. ती आजीजवळ मिळत असेल, आजीलाही नीट झोप लागत असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. ती रात्रभर लाथा मारते आणि तुम्ही तिघंही अर्धवट झोपेत उठता, असं असेल तर वेगळं अंथरूण हवं. पण ते त्याच खोलीत, हाताच्या अंतरावरही चालतं.

शिवाय वेळ बघा. एप्रिलमध्ये घर बदलणार, जूनमध्ये शाळा सुरू होणार. कळव्याचं घर, खालची बाग, शेजारच्या काकू, सगळं एकदम सुटणार. त्यातच वेगळी खोली आणि वेगळा पलंग नको. पहिला पाऊस होऊन जाऊ दे, शाळेतलं रडणं थांबू दे. गणपतीनंतर हळूहळू सुरुवात करा. दुपारची झोप नव्या खोलीत, गोष्ट तिथेच, तिची रोजची गोधडी तिथे. मध्यरात्री उठून तुमच्याकडे आली तर येऊ द्या. मैत्रिणींचं ऐकून अपराधी वाटून घेऊ नका.

मग आत्ता काय घ्यायचं? माझं उत्तर सासूबाईंच्या उत्तराच्या फार जवळचं आहे. पहिलं वर्ष गादीच. जमिनीलगतचे पलंग हल्ली 'मॉन्टेसरी बेड' म्हणून चांगल्या किमतीला विकले जातात. त्यांच्यामागचा विचार चांगला आहे: मुलाला आपलं आपण झोपायला जाता यावं, उठता यावं, आणि पडलं तरी लागू नये. जमिनीवरची गादी हेच देते. फक्त ती थेट टाइल्सवर ठेवू नका. पावसाळ्यात गादीच्या तळाला दमटपणा धरतो आणि महिनाभरात काळे ठिपके येतात. खाली लाकडी पट्ट्यांची दोन-तीन इंच उंच चौकट मिस्त्रीकडून करून घ्या, आणि आठवड्यातून दोनदा गादी भिंतीला उभी करा.

वर्षभराने, ती साधारण चार वर्षांची झाली की, तुमच्या घराला मी खालून ओढून काढायचा पलंग सुचवेन. साधा सिंगल पलंग, त्याच्या पोटात चाकांवरचा दुसरा. वरची गादी १८ इंचांच्या आसपास, म्हणजे आजीची. खालची जमिनीपासून ८-१० इंच, म्हणजे नातीची. ती झोपेत घरंगळली तरी फार तर चटईवर येईल. सासूबाई साताऱ्याला गेल्या की तुमच्यापैकी कुणीतरी वर झोपू शकतं. सहा-सात वर्षांची झाली की ती वर, आणि खाली दिरांची मुलं, मैत्रीण, नाहीतर धाकटं भावंड. बारावीच्या परीक्षेत तुम्ही स्वतः खाली झोपाल. तुम्ही मागितलेला बारावीपर्यंतचा पलंग मला या रूपात दिसतो, कारण यात पलंगाला काही करावं लागत नाही, झोपणारी माणसं फक्त जागा बदलतात.

याच्या अडचणीही सांगते. रात्री दोन्ही पलंग उघडले की ३ आणि ३ मिळून ६ फूट गेले. समोर २ फूट खोल कपाट असेल तर मध्ये जेमतेम एक फूट उरतो, आणि कपाटाची बाहेर उघडणारी दारं उघडणार नाहीत. म्हणून कपाटाला सरकती दारं घ्या, नाहीतर कपाट दाराकडच्या भिंतीला लावा. दिवसा मात्र पलंग आत गेला की चार फुटांची मोकळी जमीन मिळते, आणि त्या वयाच्या मुलांना तीच सगळ्यात जास्त लागते. खालच्या पलंगावर चार-पाच इंचांपेक्षा जाड गादी मावत नाही. त्याची लांबीही वरच्यापेक्षा थोडी कमी, सहसा ७२ इंच असते. तो रोज ओढायचं काम वाकून करावं लागतं, ते सासूबाईंवर पडता कामा नये. सगळं कोटेशन मंजूर करण्याआधी ताबा मिळालेल्या रिकाम्या खोलीत खडूने ही मापं आखा आणि रात्री बाथरूमला जायची वाट चालून बघा. कागदावर बसलेली खोली जमिनीवर बसेलच असं नाही.

ओढायचा पलंग सासूबाईंना पसंत नसेल तर ४ बाय साडेसहा फुटांचा एकच पलंग घ्या. एक मोठं माणूस आणि लहान मूल त्यावर छान मावतं, मूल भिंतीकडे. सात-आठ वर्षांनंतर दोघींना तो पुरणार नाही, पण मुलीला एकटीला ऐसपैस होईल. खोलीतली एक फूट जमीन कायमची जाते, एवढाच तोटा.

लांबीला वाढणारे पलंगही मिळतात. नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं फर्निचरचं दुकान २०२० च्या डिसेंबरात सुरू झाल्यापासून ठाण्याची बरीच मंडळी ट्रान्सहार्बर लोकलने जाऊन ते बघून येतात. मूल वाढेल तसा पलंग साडेचार फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत ओढायचा, कल्पना चांगली आहे. पण तो मोठा होणार म्हणून साडेसहा फुटांची जागा तुम्हाला आजच राखून ठेवावी लागते. मग आखूड पलंगाने वाचवलं काय? त्याची गादी ८० सेंटिमीटर रुंद असते, आपल्या बाजारातल्या ३६ इंची म्हणजे ९१ सेंटिमीटरच्या गाद्या आणि त्यांच्या चादरी त्याला बसत नाहीत. ऐरोली-घणसोलीच्या एखाद्या घरात खोली खरोखर ७ बाय ८ ची असेल आणि मूल एकटंच झोपणार असेल, तर त्यांनी जरूर विचार करावा. तुम्हाला गरज नाही.

लांबीचा हिशोब सोपा आहे. माणसाच्या उंचीपेक्षा गादी निदान १५ सेंटिमीटर लांब असावी, असा ठोकताळा धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलींची मध्यम उंची तिसऱ्या वर्षी ९५ सेंटिमीटर, सातव्या वर्षी १२१ आणि दहाव्या वर्षी १३९ च्या आसपास आहे. म्हणून साडेचार फुटांचा, म्हणजे १३७ सेंटिमीटरचा 'लहान मुलांचा' पलंग दुसरीत जाईपर्यंत आखूड पडतो. आई-वडिलांच्या उंचीवरून डॉक्टर अंदाज काढतात तो असा: दोघांची बेरीज करायची, मुलीसाठी १३ वजा, मुलासाठी १३ अधिक, मग निम्मं. तुमचे १८० आणि १६० धरले तर मुलीचे साधारण १६४ येतात, पुढे मुलगा झाला तर १७७. दोन्हीकडे आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. आपल्याकडे सिंगल गादी ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत सहज मिळते. ७२ इंच म्हणजे १८३ सेंटिमीटर. तुमच्या घरासाठी मी ७८ घेईन, १९८ सेंटिमीटर. कुणालाही पाय दुमडून झोपावं लागणार नाही.

ज्यांच्या घरी अजून तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे प्रश्न सोयीचा नसून जिवाचा असतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर झोपवावं. उशी, जाड दुलई, मऊ खेळणी, कडेचे फुगीर लोड, काही नको. पहिले निदान सहा महिने आईच्या खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर, हे सगळ्यात सुरक्षित मानतात. बाळाच्या कठडेवाल्या कॉटच्या पट्ट्यांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसावी. बाळ कठड्यावर पाय टाकू लागलं किंवा उंची ८९ सेंटिमीटरच्या आसपास गेली की कॉट बंद. म्हणजे कॉटचं आयुष्य जास्तीत जास्त अडीच-तीन वर्षं. पुढे पलंग होईल असं सांगून महागडी कॉट गळ्यात मारतात, त्यापेक्षा नात्यातून आलेली पण पक्की, स्क्रू तपासून घेतलेली कॉट वापरा आणि ते पैसे गादीवर खर्च करा.

गादी पलंगापासून वेगळी धरा. चांगला पलंग १५-२० वर्षं जातो, गादी सात-आठ वर्षांत बदलावी लागते. मुलांना अंग रुतणारी मेमरी फोमची गादी नको, उकडतं आणि कूस बदलायला जड जातं. काथ्याची किंवा जास्त घनतेच्या फोमची मध्यम कडक, पाच इंचांपर्यंतची गादी पुरते. घरात चांगल्या कापसाची गादी असेल तर पिंजून घ्या, मुलांना ती मानवते. उन्हाळ्यात गच्चीवर ऊन द्यायची सोय आहे का ते मात्र बघा. गादीवर पाणी न झिरपणारं कव्हर पहिल्या दिवसापासून घाला. पाच-सहा वर्षांपर्यंत कधीतरी अंथरूण ओलं होणं अगदी सामान्य आहे. कव्हर असलं की सकाळी मुलीवर कुणी चिडत नाही.

लाकडाबद्दल ठाण्यात एकच निकष मी सगळ्यांच्या वर ठेवते, तो म्हणजे पावसाळा. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचा पलंग दिसायला सुरेख असतो, पण कडांतून पाणी शिरलं की फुगतो, आणि दोनदा उघडून जोडला की स्क्रू धरत नाही. भरीव लाकूड परवडलं तर उत्तम. नाहीतर चांगला प्लाय, कडा नीट बंद केलेला; आयएस ७१० हा शिक्का पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा असतो. गादीखाली अखंड प्लाय ठोकणार असतील तर त्याला भोकं पाडून घ्या, किंवा पट्ट्या लावा, म्हणजे गादीला खालून हवा लागेल. मुलांच्या खोलीत पलंगाखाली वर उचलायच्या झाकणाचा बॉक्स मला नको वाटतो. झाकण उचलून धरणारा दट्ट्या सैल झाला की ते हातावर येतं, आणि बंद बॉक्समध्ये पावसाळ्यात कपड्यांना वास धरतो.

मोटारीच्या आकाराचा किंवा राजकन्येचा पलंग मुलगी आज मागेल. चादर, भिंतीवरची चित्रं, दिवा यांत ती हौस पूर्ण करा. पलंग साधाच ठेवा.

पलंग खिडकीखाली नको. घोडबंदरच्या टॉवरमध्ये खिडक्या खालपर्यंत आणि सरकत्या असतात, आणि पलंग ही मुलांसाठी चढायची पायरी होते. ग्रिल किंवा तारांची जाळी राहायला जाण्याआधीच बसवून घ्या. पडद्याची किंवा ब्लाइंडची लोंबती दोरी पलंगाजवळ ठेवू नका, मुलांच्या गळ्याला फास बसल्याच्या घटना झालेल्या आहेत. आणि कपाट, पुस्तकांचं शेल्फ, ड्रॉवरचा खण, जे काही उभं असेल ते मागून भिंतीला पक्कं करा. उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन मुलं चढतात आणि सबंध कपाट अंगावर घेतात.

इथे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पुरेपूर मान्य आहे. भिंतीचं काम आत्ताच, एकदाच करून घ्या: कपाट, माळा, शेल्फ, आणि टेबलासाठी लागणारे प्लग पॉइंट. पलंगाच्या दोन्ही संभाव्य जागी स्विच घ्या, म्हणजे पुढे पलंग हलवायचं स्वातंत्र्य राहील. अभ्यासाचं टेबल आज करू नका, पहिली-दुसरीपर्यंत ती जमिनीवर आणि डायनिंग टेबलावरच बसणार आहे. फक्त खिडकीजवळ चार फूट भिंत त्यासाठी मोकळी सोडा. मोठी झाल्यावर मोबाइलचं चार्जिंग टेबलाशी होईल, उशीशी नाही, असाही पॉइंट आत्ताच ठरवता येतो. तेराच्या पुढच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते आणि उशीशी मोबाइल असला की ती कापली जाते.

तेव्हा इंटिरियरवाल्याला सांगा की या खोलीच्या कोटेशनमधून वरचा पलंग, पायऱ्या आणि टेबल काढून नवा आकडा द्या. पट्ट्यांची खालची चौकट त्याच मिस्त्रीकडून उरलेल्या लाकडात होऊन जाईल. ओढायचा पलंग पुढच्या वर्षी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात बनवून घ्या किंवा तयार बघा, पण जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि वरच्या गादीवर बसवून उठायला लावा. मुलीला खालचा पलंग दोन-चार वेळा ओढू-ढकलू द्या. तो सरळ रेषेत येतो का, चाकांना ब्रेक आहे का, आणि आत ढकलताना बोटं सापडतील अशी फट कडेला राहते का, हे तिथल्या तिथे कळेल. बोटं सापडत असतील तर कितीही सूट दिली तरी तो घेऊ नका.